मुंबई-पुण्याजवळ एक रात्र तंबूत : ठरवण्यापासून परतेपर्यंत

पवना धरणाच्या काठावरच्या कॅम्पचे फोटो नीट बघा. निळंशार पाणी, मागे तुंग किंवा तिकोना किल्ला, रांगेत केशरी तंबू, आणि उजेड सकाळचा नाहीतर संध्याकाळचा. त्यात रात्र कुठेच नसते, आणि पैसे मात्र आपण रात्रीचेच मोजतो. जमिनीचा उतार, शेजारच्या कॅम्पचा स्पीकर, शौचालयाचं अंतर, पहाटेचं दव यांवर तुमची झोप ठरते आणि यातलं काहीही फोटोत येत नाही. म्हणून बेत आखताना आधी माणसं, मग महिना, मग यजमान आणि शेवटी जागा, असा क्रम ठेवा. बहुतेक जण नेमका उलटा ठेवतात.

१. कोण येणार आहे?

गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना दोन माणसांच्या डोम तंबूत पाठवू नका. आत शिरायचं म्हणजे रांगायचं, आणि रात्री दोनदा उठायचं म्हणजे चारदा रांगायचं. त्यांच्यासाठी उभं राहता येईल असा स्विस टेंट, कॉटेज किंवा सरळ गावातलं घर बघा. बरोबर लहान मूल असेल तर पाण्याला अगदी लागून असलेली जागा नको, भले ती जास्त देखणी असेल. आणि फक्त मुलांचा ग्रुप असेल तर ते फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा. बरेच कॅम्प शनिवारी अशा ग्रुपना घेत नाहीत, आणि हे गेटवर कळलं तर रात्री नऊ वाजता दुसरी जागा शोधत फिरावं लागतं.

२. महिना

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात निर्धास्त. धरणं भरलेली असतात, डोंगर नोव्हेंबरपर्यंत हिरवे असतात, आकाश मोकळं असतं. डिसेंबर-जानेवारीत मावळात आणि त्याहून जास्त भंडारदऱ्याला पहाटे कडाक्याची थंडी पडते. दिवसा टीशर्टवर फिरलेला मुंबईकर रात्री तीन वाजता बॅगेतले सगळे कपडे अंगावर चढवून बसलेला असतो. ३१ डिसेंबर आणि सलग सुट्ट्यांचे शनिवार-रविवार मात्र टाळा. दर चढतात, आणि एरवी वीस तंबू असतात तिथे साठ लागतात.

मार्च ते मे या काळात जाणार असाल तर पाणी कुठपर्यंत आहे हे विचारल्याशिवाय काही ठरवू नका. पावसाळ्याअखेर काठोकाठ असलेलं धरण मे महिन्यात इतकं उतरतं की पवनेच्या पोटातलं वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं. ते बघायला लोक मुद्दाम जातात, आणि ते बघण्यासारखं आहेही. पण 'लेक टच' म्हणून घेतलेल्या तंबूसमोर तेव्हा भेगाळलेला गाळ असतो आणि पाणी लांब कुठेतरी चमकत असतं. जाहिरातीतला फोटो बहुधा ऑक्टोबरचा असतो.

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे. भंडारदरा-घाटघर परिसर आणि लोणावळ्याजवळची राजमाची ही त्यासाठी ओळखीची ठिकाणं. वळीव पडला की सादडा, हिरडा, जांभूळ अशी झाडं लुकलुकायला लागतात. पाऊस जोरात लागला की खेळ संपतो, त्यामुळे तारीख आधीपासून पक्की करता येत नाही. ओळखीच्या गावकऱ्याला फोन करून 'सुरू झाले का?' विचारणं हाच उपाय. भंडारदऱ्याचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याचं प्रवेशशुल्क भरावं लागतं आणि त्यांचे नियम पाळावे लागतात. काजव्यांचा उजेड म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक असते. टॉर्च, फ्लॅश, गाडीचे दिवे यांनी ती तुटते. मोबाइलवर काजवे तसेही नीट येत नाहीत, तेव्हा तो खिशातच ठेवा.

राहिला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये तंबूत झोपायला मी कुणाला सुचवणार नाही. पक्कं छप्पर असलेली कॉटेज किंवा घर घ्या आणि पावसाची मजा ओसरीवरून घ्या. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली काही मिनिटांत पोहोचतो, आणि खाली तर ऊन असू शकतं. त्यानंतर पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर बंदी आदेश निघाले. असे आदेश जिल्हाधिकारी दर पावसाळ्यात काढू शकतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्या बघा.

३. दिशा

पवना हे मुंबई आणि पुणे दोघांनाही सोयीचं. गाडी नसेल तर मुंबईहून एक्सप्रेसने लोणावळा, तिथून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवलीनंतरचं कामशेत. पुणेकरांना थेट लोणावळा लोकल आहे. कामशेतहून पवनानगरपर्यंत पंधरा-एक किलोमीटर, शेअर जीप किंवा एसटीने. पुढे ठाकूरसाई, गेव्हंडे, आंबेगाव अशा गावांमध्ये कॅम्प विखुरलेले आहेत आणि पवनानगरपासून त्यांची अंतरं बरीच वेगवेगळी आहेत. म्हणून 'पवनानगरहून आणायला कोण येणार?' हे आधी ठरवा, अंधारात तिथे रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका. मुंबईहून दुचाकीने निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. जुना महामार्ग घ्यायचा.

शनिवारी सकाळी बोरघाटात सगळी मुंबई एकदम उतरते. यावर माझा आवडता उपाय म्हणजे रविवारी दुपारी निघून सोमवारी सकाळी परतणं. जाताना गर्दी समोरच्या बाजूला असते, दर उतरलेले असतात आणि स्पीकरवाले ग्रुप घरी गेलेले असतात. सोमवारची अर्धी रजा जाते, पण तेवढी किंमत वसूल होते.

भंडारदरा लांब आहे आणि एका रात्रीत जरा घाईचं होतं. मुंबईहून कसारा लोकल, पुढे जीपने घोटी, घोटीहून बारीमार्गे शेंडी. शेंडी म्हणजेच भंडारदऱ्याचं मुख्य गाव. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्याचा आर्थर जलाशय, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, साम्रदची सांदण दरी आणि बारीच्या डोक्यावर १६४६ मीटरचं कळसूबाई एवढं सगळं एका टापूत आहे. गर्दी पवनेपेक्षा कमी, आकाश जास्त काळं. मोबाइलला मात्र अनेक ठिकाणी रेंज नसते. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि घरच्यांना यजमानाचा नंबर देऊन ठेवा.

कोलाडची गंमत नदीची. भिऱ्याच्या जलविद्युत प्रकल्पाचं पाणी सोडलं की कुंडलिकेला जोर येतो, म्हणून तिथे सकाळी राफ्टिंग होतं आणि उन्हाळ्यातही होतं. याचाच दुसरा अर्थ असा, की पात्रातला जो खडक रात्री कोरडा दिसतो तो सकाळी कोरडा असेलच असं नाही. पात्रात उतरून बसण्याचा किंवा तंबू लावण्याचा विचार नको. राफ्टिंग करायचं असेल तर व्यवसाय नोंदणीकृत आहे का ते विचारा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा व्यवसायांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते.

समुद्र हवा असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने तासाभरात मांडवा, गाडीसकट. पुढे किहीम, रेवदंडा, काशीद. वाळूत तंबू लावताना भरतीची रेघ बघायची. किनाऱ्यावरचा वाळलेला पालापाचोळा जिथे रांगेत पडलेला दिसतो तिथपर्यंत पाणी येऊन गेलेलं असतं. आपल्या बाजूला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. पंचमीला पावणेचार. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा रेघेच्याही बरंच वर सरका.

कर्जत-नेरळकडे बहुतेक सोय फार्महाऊसची आणि पोहण्याच्या तलावाची आहे. ती चांगली असते, पण तंबूतली रात्र हवी असणाऱ्याचं समाधान तिथे होत नाही.

४. तंबू, कॉटेज की गावातलं घर?

साध्या डोम तंबूवर 'दोन माणसांचा' लिहिलेलं असतं, म्हणजे दोन माणसं खांद्याला खांदा लावून, बॅगा बाहेर. दोघांसाठी तिघांचा मागा. खाली काय अंथरणार हे वर काय पांघरणार याच्याइतकंच महत्त्वाचं. थंडी जमिनीतून चढते, त्यामुळे पातळ फोमच्या चटईवर दोन ब्लँकेटं घेऊनही कुडकुडायला होतं.

ए-फ्रेम कॉटेज म्हणजे जमिनीपर्यंत उतरतं छप्पर असलेली त्रिकोणी लाकडी खोली. फोटोत छान दिसते, दारं लावली की स्पीकर थोडा दबतो आणि संडास-बाथरूम आतच असतं. उन्हाळ्यात दुपारी ती तापते. काचेचा डोम त्याहून जास्त तापतो, आणि सकाळी साडेसहाला उजेड डोळ्यांवर येतो, हे 'ताऱ्यांखाली झोपा' म्हणणारा सांगत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने गावातल्या घरी उतरावं आणि हौसेसाठी अंगणात एक तंबू लावून घ्यावा. राजमाचीच्या पायथ्याचं उधेवाडी, साम्रद, रतनवाडी इथे ही सोय सहज होते. जेवण घरच्या चुलीवरचं असतं, संडास पक्का असतो, रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर जागं करायला माणूस असतो. मावळात घरचा इंद्रायणी भात मागा. बार्बेक्यूच्या अर्ध्या कच्च्या चिकनपेक्षा पिठलं, भाकरी, ठेचा आणि तो चिकट, वासाचा भात कितीतरी बरा.

पैसा कुणाला जातो हेही बघावं. पवना धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातल्या अनेकांचं पुनर्वसन वर्षानुवर्षं रखडलं, आणि ऑगस्ट २०११ मध्ये पवनेचं पाणी बंद पाइपातून शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्या काठावर रात्र घालवणार असाल तर निदान मालक गावचा असावा, एवढं माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय.

५. फोन

इथे घाई करू नका. पैसे टाकण्याआधी प्रत्यक्ष बोला, फक्त मेसेजवर नको. पहिला प्रश्न, 'तुम्ही मालक की बुकिंग घेणारे?' एकाच कॅम्पचे फोटो दहा जण दहा नावांनी टाकतात, आणि शेवटी तुम्हाला ज्याच्याकडे जागा उरली असेल त्याच्याकडे पाठवतात. एजंट असायला हरकत नाही, पण कॅम्पचं खरं नाव आणि नकाशावरचं नेमकं ठिकाण आधी मिळायला हवं. ते 'निघाल्यावर पाठवतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून फोन ठेवा. ठिकाण मिळालं की उपग्रहाच्या चित्रात बघा, शेजारी किती कॅम्प चिकटलेले आहेत ते दिसतं.

मग विचारायचं :

– आज पाणी तंबूपासून किती लांब आहे? शक्य असेल तर आत्ताचा व्हिडिओ पाठवा.
– संडास किती, किती लोकांत, आणि तंबूपासून किती पावलांवर? वाटेत दिवा आहे का?
– संगीत किती वाजता बंद होतं? शेजारच्यांचं?
– दुसऱ्या मोठ्या ग्रुपचं बुकिंग आहे का त्या रात्री?
– गाडी थेट कॅम्पपर्यंत येते की चालायचं आहे? पावसानंतर चिखल?
– रात्री कॅम्पवर तुमचं कोण थांबतं? गाडी असते का त्याच्याकडे?
– आम्ही रद्द केलं तर काय? तुम्ही केलं तर?

संगीताच्या प्रश्नाला 'काळजी नको, फुल नाईट चालतं' असं उत्तर आलं तर तुमच्या स्वभावाप्रमाणे समजून घ्या. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. जो मालक 'दहाला बंद म्हणजे बंद' असं ठणकावतो, तो बाकीच्या गोष्टींतही सहसा चोख असतो. अभिप्राय वाचताना सर्वात नवे आधी लावा, आणि तारे सोडून संडासाबद्दलची वाक्यं शोधा.

पवनेच्या शनिवारचा साधा तंबू, संध्याकाळचा चहा-भजी, बार्बेक्यू, जेवण आणि सकाळचे पोहे धरून माणशी साधारण हजार ते दीड हजारात मिळतो. कॉटेज आणि डोमचे दर जोडीला तीन हजारांपासून सुरू होऊन वर कुठेही जातात. बार्बेक्यू म्हणजे माणशी किती तुकडे, शेकोटीचं लाकूड वेगळं लावणार का, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या धरल्यात का, हे मेसेजवर लिहून घ्या. निम्म्याहून जास्त आगाऊ रक्कम देऊ नका आणि बाकीची जागा बघून द्या.

६. बॅग

फार नको. डोक्याला लावायची टॉर्च, कारण संडासाला जाताना दोन्ही हात मोकळे लागतात. कानटोपी आणि जाड मोजे, कानात घालायचे बोळे, अंथरायला घरची एक चादर, डासांचं मलम, नेहमीची औषधं, पॉवर बँक, थोडी रोख. चपलेऐवजी बूट. कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या. तंबू स्वतःचा नेणार असाल तर जादा खुंट्या आणि दोरी, मेमधल्या वावटळीत भाड्याचे डोम गुंडाळत जाताना लोकांनी पाहिलेत.

७. पोहोचल्यावर

उजेडात पोहोचा. चार-पाचला पोहोचलात तर तंबू निवडता येतो, सातला पोहोचलात तर उरलेला मिळतो. पाठ टेकून बघा, डोकं पायांपेक्षा खाली जातंय का ते लगेच कळतं. सखल जागा, वाळक्या फांदीखालची जागा आणि जनरेटरजवळची जागा नाकारा. चेन वरपासून खालपर्यंत लागते का? मग संडासापर्यंत एकदा चालून या, अंधारात वाट ओळखीची वाटेल. कॉटेज असेल तर बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का बघा. बंद बाथरूममध्ये त्याचा विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो. खिडकी उघडी ठेवूनच अंघोळ करा, खिडकीच नसेल तर बादलीत गरम पाणी मागा.

८. रात्र

पाण्यात उतरू नका. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे सांगतोय. धरणाचा तळ म्हणजे बुडालेली शेतं, बांध आणि गाळ. गुडघाभर पाण्यात चालता चालता पाऊल अचानक खोलात जातं किंवा गाळात रुततं. त्यात पोटात दारू असेल तर बोलायलाच नको, दर मोसमात अशा बातम्या येतात. बोटीत बसायचं तर लाइफ जॅकेटचे पट्टे बांधून, आणि सूर्य मावळायच्या आत.

शेकोटी तंबूंपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. झोपताना पाणी ओतून विझवायची, 'आपोआप विझेल' म्हणून सोडायची नाही. विझत आलेल्या कोळशांची शेगडी थंडी म्हणून तंबूत किंवा कॉटेजमध्ये कधीही घेऊ नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, झोपलेला माणूस त्यातून उठत नाही.

मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा चावा इतका बारीक असतो की बऱ्याचदा कळतही नाही. तंबूची चेन एक मिनिटही उघडी न ठेवणं हा त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय. खाण्याचं आत नको, त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. बूट सकाळी झटकूनच घाला. कोकणाच्या बाजूला विंचवाचा दंश हलका समजू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करेपर्यंत तो अनेकांचे जीव घेत असे. साप असो वा विंचू, कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. चावलेला भाग हलवू न देता १०८ ला फोन, किंवा मालकाच्या गाडीने जवळचं ग्रामीण रुग्णालय. 'रात्री कोण थांबतं, गाडी असते का' हा प्रश्न यासाठीच होता.

झोपताना तंबूची वरची जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद तंबूत आपल्याच श्वासाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे थेंब तोंडावर पडायला लागतात. लोक त्याला तंबू गळतो म्हणतात.

९. सकाळ

साडेसहाच्या आसपास धुकं पाण्यावरून उठतं, तेव्हा फोटो काढून घ्या. नाश्ता लवकर मागितला तर मिळतो, आणि कॅम्प सोडण्याची वेळ साधारण अकराची असते, म्हणजे मध्ये एखादा किल्ला बसतो. तिकोना सोपा, पायथ्यापासून तासाभरात वर. तुंग चढायला उभा आहे, मुलांबरोबर जपून. लोहगडाला चांगल्या पायऱ्या आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे. तिथे रविवारी गर्दी असतेच. कॅम्पहून निघून वाटेत लोहगड करायचा असेल तर पोह्यांची वाट न बघता सात वाजताच निघा.

प्लास्टिक आणि बाटल्या घरून आणलेल्या पिशव्यांत भरून शहरात परत न्या. गावात कचरागाडी नसेल तर कॅम्पच्या डब्यातला कचरा संध्याकाळी मागच्या ओढ्यात पेटवला जातो. बिल देताना मालकाचा थेट नंबर घ्या आणि गावाच्या नावासकट मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी एजंट लागणार नाही, रविवारच्या रात्रीचा दर मोकळेपणाने विचारता येईल, आणि एप्रिलमध्ये फोन केलात तर पाणी किती उतरलंय ते तो खरं सांगेल.